बंड कोणाचं, इमान कोणाशी?

शाळेत किंवा कॉलेजात नवा शिक्षक आला, की पहिल्या दिवशी कचेरीत एक कागद लिहून देतो : 'आज रोजी सकाळी कामावर रुजू झालो.' हा 'रुजू' शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो, की त्यालाही काही पूर्वेतिहास असेल असं मनात येत नाही. मूळ अरबी शब्दाचा अर्थ परत येणं, माघारी वळणं. जुन्या मराठी कागदपत्रांत एखादा जमीनदार किंवा किल्लेदार 'रुजू झाला' असं येतं तेव्हा तो कामावर हजर झाला एवढाच अर्थ नसतो. तो आधी कुठे तरी बिथरून दूर गेला होता, आणि आता धन्याच्या पायाशी परत आला, असा तो अर्थ असतो. म्हणजे आधी बंड आणि मग रुजू. ते बंड आपण विसरलो आणि नुसतं रुजू होणं तेवढं नोकरीच्या कागदावर शिल्लक राहिलं.

बंडाच्या बाजूचे आपले शब्द पाहा : बंड, पुंडावा, फितवा, हरामखोरी. दुसऱ्या बाजूला इमान, चाकरी, निमकहलाली, एकनिष्ठा. यातला एकही शब्द एकट्या माणसाला लावता येत नाही. हरामखोर व्हायला आधी कोणाचं तरी मीठ खावं लागतं. इमान राखायचं म्हणजे कोणाशी तरी राखायचं. तेव्हा अमका बंडखोर होता असं कोणी सांगितलं की लगेच विचारावं, कोणाविरुद्ध? आणि अमका एकनिष्ठ होता असं ऐकलं की विचारावं, कोणाशी? वाचकांना ही शब्दांची कसरत वाटेल. पण आपल्या नागपुरात १८१७ पासून १८५८ पर्यंतच्या चाळीस वर्षांत याच प्रश्नाच्या उत्तरावर माणसं गादीवर बसली, गादीवरून उतरली आणि फासावरही गेली.

भोसल्यांचा इतिहास वर्गात शिकवताना विद्यार्थी दोन प्रश्न हटकून विचारतात. आप्पासाहेब भोसले शूर होते की नाही? आणि बाकाबाई फितूर होती की नाही? दोन्ही प्रश्नांना एका शब्दात उत्तर हवं असतं; परीक्षेत तसं लिहिता येतं म्हणूनही असेल. ते एका शब्दाचं उत्तर मला का देववत नाही, ते इथे थोडं विस्ताराने सांगतो.

नागपूरकर भोसल्यांचं घराणं मुळातच या गुंत्यात वाढलेलं. पहिल्या रघूजीला सेनासाहेबसुभा हा किताब मिळाला तो साताऱ्याच्या शाहू छत्रपतींकडून. नागपूर त्या वेळी देवगडच्या गोंड राजांचं. १७३९ च्या सुमारास चांद सुलतान वारला, वारसांत कलह लागला, रघूजी मदतीला आला. आणि मदतीला आलेला पाहुणा हळूहळू घरधनी झाला. गोंड राजाला त्याने हाकलून दिलं नाही. राजाचा राजेपणा राहिला, मान राहिला, भोसल्यांपैकी कोणी गादीवर बसताना त्याला टिळा लावायचा हक्क राहिला, वसुलीच्या काही कागदांवर शिक्काही राहिला. सत्ता तेवढी भोसल्यांची. आता हे बंड म्हणायचं की काय म्हणायचं? दिसायला तर रघूजी गोंड राजाचा पाठीराखा. आज्ञाधारकपणाचा सगळा पोशाख अंगावर ठेवून राज्य घेता येतं, हे नागपुराने इंग्रजांचा रेसिडेंट येण्याच्या साठ वर्षं आधीच पाहून ठेवलं होतं.

पुण्याच्या पेशव्यांशी या घराण्याचं कधी फारसं जमलं नाही. बंगालच्या चौथाईवरून रघूजी आणि नानासाहेब पेशवे यांची हातघाई झाली, तेव्हा १७४३ मध्ये शाहू छत्रपतींनी मध्ये पडून दोघांचे मुलूख वाटून दिले. पुढे १७६३ मध्ये जानोजी भोसले निजामाला मिळाला, दोघांच्या फौजांनी पुणं लुटलं-जाळलं, आणि त्याच वर्षी राक्षसभुवनच्या लढाईआधी जानोजी पुन्हा पेशव्याकडे वळला. पुण्याच्या नजरेने ही सरळसरळ फितुरी होती. पण नागपूरच्या बाजूने पाहिलं तर जानोजी हा छत्रपतींचा सरदार आणि पेशवाही छत्रपतींचाच प्रधान. एका चाकराने दुसऱ्या चाकराचा हुकूम का ऐकावा? थोरल्या माधवरावाने या प्रश्नाचं उत्तर वाद घालून दिलं नाही, फौज पाठवून दिलं. १७६९ चा कनकापूरचा तह हे ते उत्तर. त्यात जानोजीने कबूल केलं, की बोलावलं म्हणजे फौजेनिशी चाकरीला येऊ, आणि पुण्याच्या परवानगीवाचून दिल्ली, निजाम, इंग्रज यांच्याशी परस्पर राजकारण करणार नाही. हे कलम वाचकांनी ध्यानात ठेवावं. पन्नास वर्षांनी ते आपल्याला पुन्हा लागणार आहे.

मधली वर्षं भराभर ओलांडू. १८०३ च्या लढाईत दुसरा रघूजी आडगावला हरला, गाविलगड पडला, आणि १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड हातचा गेला. इंग्रजांचा रेसिडेंट नागपुरात येऊन बसला. पण एक गोष्ट दुसऱ्या रघूजीने शेवटपर्यंत ऐकली नाही : इंग्रजांची तैनाती फौज त्याने दारात उभी राहू दिली नाही. २२ मार्च १८१६ रोजी तो वारला. त्याचा मुलगा परसोजी शरीराने आणि बुद्धीने दुबळा होता. राज्य त्याच्याने चालण्यासारखं नव्हतं. मग त्याला ताब्यात कोणी ठेवायचं यावरून राजवाड्यात दोन पक्ष पडले. एका बाजूला दुसऱ्या रघूजीची आवडती राणी बाकाबाई आणि धर्माजी भोसले, दुसऱ्या बाजूला परसोजीचा चुलतभाऊ मुधोजी, म्हणजेच आप्पासाहेब. आप्पासाहेबाने बाजी मारली. धर्माजी कैदेत पडला. आणि हाती आलेली सत्ता टिकवायला आधार हवा म्हणून आप्पासाहेबाने २७ मे १८१६ रोजी, रात्रीच्या वेळी, गाजावाजा न करता इंग्रजांच्या तैनाती फौजेच्या तहावर सही केली.

कनकापूरच्या मापाने मोजलं तर पुण्याला न विचारता इंग्रजांशी केलेला हा करार म्हणजे उघड बेइमानी. चुलत्याने जन्मभर टाळलेली गोष्ट पुतण्याने दोन महिन्यांत केली. नागपूरच्या इतिहासातलं खरं बंड दाखवा असं मला कोणी म्हटलं, तर मी सीताबर्डीची टेकडी दाखवणार नाही; मे महिन्यातली ती रात्र दाखवीन. गंमत अशी, की इंग्रजांच्या दप्तरात त्या रात्रीच्या आप्पासाहेबाला 'शहाणा मित्र' याच मापाने मोजलेलं आहे.

पुढच्या १ फेब्रुवारीला परसोजी अंथरुणात मेलेला आढळला. आप्पासाहेब त्या वेळी चांद्याला होता. मृत्यू साधा नाही, अशी कुजबुज लगेच सुरू झाली. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याच्या कानांवरही ती गेली. पण चौकशी झाली नाही. आप्पासाहेब राजा झाला आणि कंपनी सरकारने त्याला राजा म्हणून मानलं. वर्षभराने आप्पासाहेब नकोसा झाला तेव्हा हाच खून दप्तरातून बाहेर निघाला आणि त्याच्यावरचा आरोप म्हणून मांडला गेला. खुनाचं मी समर्थन करत नाही. कोणी करूही नये. मात्र गुन्हा कोणत्या दिवशी गुन्हा ठरतो, हेही पाहावं लागतं.

आता १८१७ चा नोव्हेंबर. ५ तारखेला खडकीला पेशवा आणि इंग्रज यांची लढाई जुंपली होती. बाजीरावाकडून नागपूरला सेनासाहेबसुभा या पदाची वस्त्रं आली होती. आप्पासाहेबाने जेंकिन्सला समारंभाचं बोलावणं धाडलं. जेंकिन्सने ते नाकारलं आणि निषेध कळवला. २४ नोव्हेंबरला आप्पासाहेबाने भर दरबारात ती वस्त्रं स्वीकारली.

या एका दिवसावर मी वर्गात सगळ्यांत जास्त वेळ घालवतो. भोसल्याने सेनासाहेबसुभ्याची वस्त्रं घ्यावीत यात नवीन काय होतं? पहिल्या रघूजीपासून चालत आलेला तो रिवाज. गादीवर आलेल्या भोसल्याने वस्त्रं घेतली नसती तरच लोकांनी तोंडात बोट घातलं असतं. नागपूरच्या एखाद्या म्हाताऱ्या मानकऱ्याला त्या दिवशी विचारलं असतं, तर तो म्हणाला असता की उशिरा का होईना, राजा रीतीवर आला. जुन्या भाषेत, रुजू झाला. आणि जेंकिन्सच्या दृष्टीने नेमकं तेच बंड होतं. त्याची बाजू अगदीच पोकळ होती असंही नाही. १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहात बाजीरावाने मराठी राज्यमंडळाचं प्रमुखपण सोडल्याचं लिहून दिलं होतं. तेव्हा पेशव्याला आता कोणाला वस्त्रं देण्याचा अधिकार नाही, आणि तो तर आमच्याशी लढतो आहे, असं इंग्रजांचं म्हणणं. इंग्रजांच्या हातात सहा महिन्यांपूर्वीचा कागद होता, नागपूरच्या हातात सत्तर-पाऊणशे वर्षांचा रिवाज. एकाच पोशाखाच्या दोन घड्या झाल्या : एकीवर आज्ञापालन लिहिलेलं, दुसरीवर राजद्रोह.

दोन दिवसांनी, २६ च्या संध्याकाळी, सीताबर्डीवर गोळी सुटली आणि २७ च्या दुपारपर्यंत झुंज चालली. इंग्रजांकडे चौदाशेच्या आतबाहेर माणसं, भोसल्यांकडे अठरा हजारांच्या आसपास, त्यांत तीन-चार हजार अरब. अरबांनी धाकटी टेकडी घेतली होती. इंग्रजांची पाठ भिंतीला लागली होती. कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडेस्वारांचा हल्ला आणि टेकडीवर ऐन वेळी झालेला दारूचा स्फोट यांनी पारडं फिरलं. इंग्रजांकडची साडेतीनशेंवर माणसं मेली किंवा जखमी झाली. ही माणसं कोण? बहुतेक मद्रासकडचे आणि हिंदुस्थानातले शिपाई. ज्याचं खाल्लं त्याच्या बाजूने ते लढले. समोरचे अरबही तेच करत होते. त्या दोघांपैकी एकालाही 'तू बंडखोर' असं म्हणता येत नाही. दोघेही आपापल्या मिठाशी इमानी होते.

आप्पासाहेबाबद्दल मात्र तसं म्हणवत नाही. लढाई फसल्याबरोबर त्याचा निरोप गेला : झालं ते माझ्या हुकुमावाचून झालं, मला फार वाईट वाटतं. डोव्हटन फौज घेऊन आल्यावर १६ डिसेंबरला तो स्वतः इंग्रजांच्या छावणीत गेला. त्याच दिवशी त्याची फौज मात्र सक्करदऱ्याकडे लढत होती. शहरात कोंडलेल्या अरबांनी तर राजा गेल्यावरही जुम्मा दरवाजा सोडला नाही. २४ डिसेंबरचा इंग्रजांचा हल्ला त्यांनी परतवला. शेवटी त्यांच्याशी बोलणं करून, बायकामुलं आणि चीजवस्तू घेऊन सन्मानाने बाहेर जाऊ देण्याच्या अटीवर शहर मोकळं करून घ्यावं लागलं. त्या दरवाजाला आज आपण गांधीदरवाजा म्हणतो आणि खालून स्कूटर घेऊन जातो. माझा आप्पासाहेबावरचा आक्षेप त्याने बंड केलं हा नाही. त्याने बंड केलं आणि त्याच वेळी माफीचा कागदही लिहून ठेवला, हा आहे. बंडाची जोखीम दुसऱ्यांनी उचलायची आणि रुजू होण्याची वाट आपल्याला मोकळी ठेवायची, हे राजाला शोभलं नाही.

इंग्रजांना हा सगळा विचार परका होता असं समजू नये. त्यांच्याच देशात १६८८ मध्ये काही सरदारांनी आपल्या राजाविरुद्ध हॉलंडच्या विल्यमला बोलावून आणलं. ते यशस्वी झाले म्हणून त्या घटनेला वैभवशाली क्रांती असं नाव पडलं. पदच्युत राजाच्या नातवासाठी १७४५ मध्ये स्कॉटलंडचे लोक उठले, ते हरले, म्हणून ते बंडखोर. त्यांची डोकी उडवली गेली. जेंकिन्स ज्या देशातून आला त्या देशाला बंडाची दोन्ही नावं चांगली ठाऊक होती. आणि नागपूरची हकीकत लिहिण्याचं कामही अखेर त्याच्याकडेच आलं : नागपूर राज्यावरचा त्याचा मोठा अहवाल १८२७ चा आहे, आणि आजही आम्हा अभ्यासकांना त्याच्यावाचून पाऊल टाकता येत नाही. जिंकणाऱ्याने लढाई जिंकावी हे ठीक. पण शब्दकोशही त्याच्याच हाती जातो, ही अडचण आहे.

मार्च १८१८ मध्ये आप्पासाहेबाला अटक झाली. अलाहाबादकडे नेत असताना मे महिन्यात, जबलपूरच्या वाटेवर, शिपायाचा वेष घेऊन तो पहाऱ्यातून निसटला. आणि इथून त्याची गोष्ट बदलते. महादेवाच्या डोंगरात, पचमढीच्या परिसरात, गोंडांनी त्याला आसरा दिला. पकडून देणाराला मोठं बक्षीस होतं; कोणी पकडून दिलं नाही. ज्या गोंड राजाची सत्ता भोसल्यांनी हातोहात काढून घेतली, त्याच्याच जातभाईंनी परागंदा भोसल्याला लपवावं, याला काय म्हणावं मला सुचत नाही. १८१९ मध्ये अशीरगड पडला, तेव्हा तो तिथूनही निसटला होता. पुढे पंजाबात, पुढे हिमालयाच्या पायथ्याशी मंडीला, आणि अखेर जोधपूरला. जोधपूरचा राजा मानसिंग इंग्रजांशी तह करून बसलेला. पाहुणा परत द्या, असा लकडा लागला. मानसिंगाने आप्पासाहेब इथून गडबड करणार नाही याची हमी घेतली, पण शरण आलेला माणूस काही दिला नाही. तह मोडला म्हणावं तर मोडला नाही, पाळला म्हणावं तर पाळला नाही. आप्पासाहेब तिथेच १८४० मध्ये वारला. तरी १८४९ मध्ये वऱ्हाडात एक तोतया 'मीच आप्पासाहेब' म्हणून उभा राहिला आणि त्याच्यामागे माणसं जमली. जिवंतपणी ज्याने लढता लढता माफी मागितली, त्याच्या नुसत्या नावावर लोक मरायला तयार झाले. लोकांना राजा कसा हवा होता, ते या तोतयावरून कळतं.

आता बाकाबाईकडे येऊ. आप्पासाहेब गेल्यावर दुसऱ्या रघूजीचा दौहित्र जून १८१८ मध्ये तिसरा रघूजी म्हणून गादीवर आला. तो अज्ञान, म्हणून वाड्याचा कारभार बाकाबाईकडे आणि राज्याचा कारभार जेंकिन्सकडे. बाईंच्या बाजूने पाहा. आप्पासाहेबाने तिच्या पक्षाचा निःपात केलेला, धर्माजीला मारवलेलं, परसोजीचा तो शेवट झालेला. तिला इंग्रज हे घरावर आलेलं संकट वाटण्याऐवजी घरातल्या संकटावरचा उतारा वाटले असतील, तर त्यात नवल काय? ती इंग्रजांशी बांधली गेली ती तत्त्वाने नव्हे, अनुभवाने.

पस्तीस वर्षं हे असं चाललं. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरा रघूजी वारला. त्याला मुलगा नव्हता, दत्तकही घेतलेला नव्हता. वाड्यातल्या बायकांनी अहेरराव घराण्यातला यशवंतराव पुढे केला, त्याने उत्तरक्रिया केली, जानोजी असं त्याचं नाव ठेवलं. डलहौसीने हा दत्तक मानला नाही. राज्य कंपनीच्या मुलखाला जोडलं. मार्च १८५४ मध्ये तसं जाहीर झालं. ऐंशी हजार चौरस मैल मुलूख आणि चाळीस लाखांचं उत्पन्न, असा हिशेब डलहौसीने स्वतः मांडला आहे. विलायतेला लागणाऱ्या कापसाचाही त्यात उल्लेख आहे. नागपूरच्या इमानाचा हिशेब त्या तराजूत फारसा भरला नाही.

इथे दोन इंग्रजांची आठवण ठेवली पाहिजे. नागपूरचा रेसिडेंट मॅन्सेल याने राजघराण्याच्या बाजूने चार शब्द लिहिले, त्याबद्दल त्याला वरून बोलणी बसली आणि नागपूर सोडावं लागलं. कलकत्त्याच्या कौन्सिलात कर्नल लो याने राज्य खालसा करण्याविरुद्ध लेखी मत दिलं. मत दिलं, ते दप्तरी दाखल झालं, आणि लो कौन्सिलात बसत राहिला. सरकारी नोकरीत असहमतीची सीमा बहुधा एवढीच असते. कागद लिहावा आणि कामावर रुजू राहावं.

बाकाबाईनेही कागदच लिहिले. अर्ज, विनंत्या, कलकत्त्याला वकील, मग थेट लंडनला वकील. इकडे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात मातीमोलाने गेले. जडजवाहीर कलकत्त्याच्या लिलावात गेलं. सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन, अशी धमकीही वाड्यातून दिली गेली. सामान हललं, आग लागली नाही. ज्याच्यावर भरवसा टाकला त्यानेच घर धुऊन नेलं, अशी स्थिती. या बाईला बंड करायला कारण नव्हतं असं कोणी म्हणू शकणार नाही.

आणि मग तीन वर्षांत १८५७ उजाडलं. टाकळीच्या लायनीतल्या घोडदळाने शहरातल्या काही लोकांशी संधान बांधलं होतं. १३ जूनच्या रात्री शहरातून पेटते फुगे आकाशात सुटायचे आणि तो इशारा समजून उठायचं, असा बेत. पायदळाला सामील करून घ्यायला एक स्वार पाठवला. पायदळाने त्यालाच धरलं. बेत तिथेच फुटला. घोडदळावर संशय गेला, कामठीची मद्रास पलटण हाताशी होती, आणि थोड्याच दिवसांत घोडदळातले आणि शहरातले पुढारी फाशी गेले. या सगळ्या काळात बाकाबाईने आपलं सगळं वजन इंग्रजांच्या बाजूने टाकलं. वाड्याशी जोडलेल्या मानकऱ्यांना, नातलगांना, मराठा सरदारांना तिने बजावलं, की कोणी हलायचं नाही. तिचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढे होतं. तिच्याकडे फौज नव्हती, खजिना नव्हता, राज्य तर नव्हतंच. फक्त शब्द होता, आणि तो मानला गेला.

फितूर? विद्यार्थ्यांचा तो प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो. मला 'हो' म्हणवत नाही. फितूर तो, जो एकाचं मीठ खाऊन गुपचूप दुसऱ्याला मिळतो. बाकाबाई चाळीस वर्षं उघडपणे एकाच बाजूला होती. तिची निष्ठा वाड्याशी होती, घराण्याचं नाव चालू राहावं या एका गोष्टीशी. आप्पासाहेबाचं बंड तिने पाहिलं होतं. त्यात राज्याचा मोठा लचका गेला, राजा देशोधडीला लागला, शहर लुटलं गेलं. १८५७ मध्ये तिने १८१७ चा हिशेब केला आणि दत्तकाचा अर्ज अजून नामंजूर पडून आहे हेही विसरली नाही. माझ्या मते तिचं गप्प बसणं हा त्या अर्जाचाच शेवटचा पुरवणी कागद होता.

पण माझं मन तिला पूर्ण मोकळंही सोडत नाही. टाकळीच्या त्या स्वारांना घराणं नव्हतं, दत्तक नव्हता, अर्ज करायला कलकत्ता-लंडन नव्हतं. त्यांना जे करता येण्यासारखं होतं ते एका रात्रीचं होतं, आणि चुकलं तर दोर. बाईंच्या एका शब्दाने जी माणसं घरात बसली, ती बाहेर पडली असती तर त्या रात्री काय झालं असतं, हा प्रश्न इतिहासाच्या पेपरात विचारत नाहीत. कामठीच्या तोफा पाहता बहुधा हरलेच असते. तरी ज्यांनी फासाचा दोर पाहिला, त्यांच्या हिशेबात बाकाबाईचं इमान कोणत्या रकान्यात पडतं, ते सांगायला नको. वाड्याच्या नजरेने तिने घर राखलं, शहराच्या नजरेने माणसं एकटी सोडली. दोन्ही खरं आहे, आणि एकाने दुसरं खोटं ठरत नाही. म्हणूनच परीक्षेत विद्यार्थ्याने यातली कोणतीही एक बाजू नीट पुराव्यानिशी मांडली, तर मी गुण कापत नाही. नुसतं 'फितूर होती' असं लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळला तर मात्र कापतो.

सप्टेंबर १८५८ मध्ये बाकाबाई वारली. त्याच वर्षाच्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा ओलांडून मुलताईपर्यंत आला. मुलताई म्हणजे नागपूरच्या उंबरठ्यावरच. मराठी मुलूख उठेल या आशेने तो आला होता. मुलूख उठला नाही, आणि आता तर हलू नका म्हणून सांगणारी बाईही उरली नव्हती.

बाईंच्या अर्जाला उत्तर आलं ते तिच्यामागे, लॉर्ड कॅनिंगच्या कारकिर्दीत. गदरातल्या चांगल्या वागणुकीची आठवण ठेवून सरकारने जानोजीचा दत्तक मान्य केला. राज्य परत द्यायचा प्रश्नच नव्हता. त्याचा मध्य प्रांत झाला, १८६१ मध्ये. जानोजीला 'राजेबहादूर' असा किताब मिळाला, आणि त्याला जोडून एक जहागीर : सातारा जिल्ह्यातलं देऊर, जिथे या घराण्याचं जुनं वतन होतं. ज्या साताऱ्याहून सेनासाहेबसुभ्याची पहिली वस्त्रं आली, ती गादी तर डलहौसीने १८४८ मध्येच बुडवली होती. तेव्हापासून नागपूरच्या महालात राहणाऱ्या भोसल्यांना सरकारी कागदांत देऊरचे राजे असं लिहू लागले.